अळीच्या पोटातले जिवाणू औषध पचवतात, हे कितपत खरं?

पोंगा_खटाव

खटाव-माणपासून वाळवा-पलूसपर्यंत मक्यावर लष्करी अळीचा जोर आहे आणि दुकानांतून एक नवाच सल्ला फिरतोय. "अळीच्या पोटातले बॅक्टेरिया औषध पचवून टाकतात. इमामेक्टिन कीटकनाशकाच्या पंपात स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी टाका, बॅक्टेरिया मेले की अळी गेलीच."

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अळीच्या पोटात असे जिवाणू खरंच असतात का? ते औषध निकामी करतात हे कुणी दाखवलंय का? आणि दाखवलं असलं तरी पंपात अँटिबायोटिक टाकून काही साधतं का? तक्रार सगळीकडे साधारण एकच आहे: मका २५ दिवसांचा, इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, आणि चौथ्या दिवशी पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) जिवंत अळ्या. इथे कीटकशास्त्रवाले आहेत, सूक्ष्मजीववाले आहेत. नीट उलगडून सांगा.

डाळिंब_आटपाडी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. टाकू नका. स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि १ भाग टेट्रासायक्लिन. त्यातलं पहिलं माणसाच्या क्षयरोगावरचं औषध आहे. डाळिंबात तेल्या या जिवाणूजन्य रोगावर ते वर्षानुवर्षं वारेमाप मारलं गेलं आणि शेवटी केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. किडीसाठी त्याची शिफारस कधीच नव्हती. उरलेल्या दोन प्रश्नांवर जाणकारांनी लिहावं.

जिवाणूताई

पहिल्या प्रश्नाला 'हो', दुसऱ्याला 'हो, पण'.

सगळ्यात पक्का पुरावा जपानमधला आहे आणि तो अळीचा नाही, ढेकणाचा आहे. रिप्टॉर्टस पेडेस्ट्रिस हा शेंगांतला रस शोषणारा ढेकूण. त्याच्या मध्यांत्राच्या शेवटच्या भागात बारीक पिशव्यांच्या ओळी असतात आणि त्यांत बर्कहोल्डेरिया नावाचे जिवाणू ठासून भरलेले असतात. हे जिवाणू आईकडून मिळत नाहीत. दर पिढीतलं पिल्लू ते मातीतून नव्याने घेतं, मुख्यतः दुसऱ्या अवस्थेत. ज्या मातीत फेनिट्रोथिऑन पुन्हापुन्हा पडलं, तिथे ते औषध फोडून त्यावर जगणारे बर्कहोल्डेरिया वाढले. ढेकणाने नेमके तेच पोटात घेतले आणि त्याला औषध लागेनासं झालं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. औषध अंगवळणी पडायला किडीच्या पिढ्यानपिढ्या जाव्या लागतात असं आपण धरून चालतो. इथे निवड मातीतल्या जिवाणूंची झाली आणि किडीला ती आयती मिळाली.

दुसरं काम ब्राझीलमधलं, २०१७ चं. तिथे औषधाला न जुमानणाऱ्या लष्करी अळ्यांच्या पोटातून वेगळे केलेले जिवाणू लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन, क्लोरपायरीफॉस, स्पिनोसॅड आणि ल्युफेन्युरॉन या औषधांवर वाढवून दाखवले. इमामेक्टिन त्या यादीत नाही, हे दुकानदाराला जरूर सांगा.

तिसरं, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याच्या पोटातल्या एका एन्टेरोकॉकस जिवाणूमुळे क्लोरपायरीफॉस सोसायची ताकद वाढते, पण औषध पचवून नव्हे. तो अळीची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी ठेवतो. म्हणजे 'पचवतात' हा एकच मार्ग नाही.

आता 'पण'. बाटलीत जिवाणूला औषध फोडायला तीन-चार दिवस मिळतात. अळीच्या पोटातून घास काही तासांत बाहेर पडतो. बाटलीत दिसलेलं पोटात घडेलच, असं धरता येत नाही.

कीटक_वाळवा

ताईंनी 'पण' फार सौम्य लिहिलं. अळ्यांच्या बाबतीत आधी हे विचारलं पाहिजे की पोटात कायम राहणारी वस्ती असते तरी का. २०१७ मध्येच अमेरिका खंडातल्या १२४ जातींच्या रानातल्या अळ्या तपासल्या गेल्या. जिवाणू अगदी थोडे सापडले, एकाच जातीच्या दोन अळ्यांतही मेळ नाही, आणि बहुतेक पानावरून आलेले.

कारण अळीच्या पोटाची घडण. सरळ नळी, मधे कप्पे नाहीत, पिशव्या नाहीत. मध्यांत्राचा सामू (पीएच) १० च्या आसपास म्हणजे तीव्र अल्कधर्मी, काही जातींत त्याहून वर. घास पुढे सरकतो तोही एका पातळ आवरणात गुंडाळलेला, त्यामुळे आतड्याच्या भिंतीला चिकटून राहायला जागा मिळत नाही. वर दर कातीला पुढच्या आणि मागच्या आतड्याचं अस्तर कातीबरोबर बाहेर पडतं. एवढ्या हालचालीत वस्ती करणार कोण? पानाबरोबर आत आले, विष्ठेबरोबर बाहेर गेले, असा बहुतेकांचा प्रवास. जपानी ढेकणाचं उदाहरण लष्करी अळीला लावणं म्हणजे गाईच्या पोटाचं गणित कोंबडीला लावणं.

जिवाणूताई

गाय-कोंबडी पटलं, पण सगळेच पाहुणे नसतात. एन्टेरोकॉकस मुंडटाय हा स्पोडोप्टेरा गटातल्या अळ्यांत पुन्हापुन्हा सापडतो, अळीच्या वाढीबरोबर टिकतो आणि मुंडटिसिन नावाचा पदार्थ सोडून बाहेरून येणाऱ्या रोगट जिवाणूंना हटवतो. क्षार सोसायची ताकद एन्टेरोकॉकसमध्ये उपजत आहे, म्हणून ज्या सामूत इतर मरतात तिथे तो तग धरतो. कायमची वस्ती म्हणू नका हवं तर, पण ओळखीचं भाडेकरू कुटुंब नक्की आहे.

आणि एक, पाहुणे पानावरूनच येतात असंही नाही. २०१९ मध्ये कोबीवरच्या एका अळीत दिसलं की तिच्या पोटातले जिवाणू पानापेक्षा मातीतल्या जिवाणूंशी जास्त जुळतात. पान तोडून डबीत खायला दिलं की हे नातं तुटतं. त्यामुळे डबीतल्या अळीवरून शेतातल्या अळीबद्दल बोलताना जपून.

कीटक_वाळवा

मातीचा मुद्दा मान्य. भाडेकरूही मान्य. पण भाडेकरू घरमालकाला वाचवतो हे शेतात अजून दिसलेलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

फवारा_मिरज

जिवाणूंपर्यंत जायच्या आधी पंप बघा. मक्यातली फवारणी फसते त्याची कारणं बहुतेक वेळा पोंग्याच्या तोंडाशीच सापडतात.

पोंगा उलगडून बघा. मोठी अळी आत असली की वरच्या बाजूला ओल्या भुश्यासारखी विष्ठा साचून बूच बसलेलं असतं. वरून मारलेला फवारा त्या बुचावर थांबतो, अळी दोन इंच खाली कोरडी. म्हणून अळी लहान असताना, पानावर कागदासारखे पांढरे चट्टे दिसताहेत आणि भोकं पडलेली नाहीत, तेव्हाच मारायचं. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके ठळक दिसायला लागले की आपल्याला उशीर झालेला असतो.

नोझल काढून पोंग्याच्या दिशेने सरळ धार पडेल असं धरा. ढगासारखा फवारा उसावर, सोयाबीनवर ठीक, मक्याच्या पोंग्यात तो पोचत नाही. अळी रात्री खाते आणि इमामेक्टिन उन्हात लवकर विघटन पावतं, म्हणून संध्याकाळची फवारणी.

आणखी एक गैरसमज. इमामेक्टिन खाल्लेली अळी काही तासांत खायचं थांबते, पण मरायला दोन ते चार दिवस घेते. दुसऱ्या दिवशी वळवळ दिसली म्हणून दुसरं औषध मारायचं, हे पैसे पाण्यात. ताजी विष्ठा आहे का ते बघा. विष्ठा वाळलेली असेल आणि नवं खाल्लेलं पान नसेल तर औषध लागू पडलंय.

पोंगा_खटाव

ताज्या विष्ठेची खूण फार कामाची. चौथ्या दिवशी ओली विष्ठा असेल तर मात्र अडचण आहे, बरोबर?

फवारा_मिरज

बरोबर. मग औषध पोचलं नाही, किंवा पोचून लागलं नाही. या दोन्हींतला फरक ओळखायची पद्धत खाली कुणीतरी द्यावी, नाहीतर मी देतो.

द्राक्ष_तासगाव

विषय अळीचा आहे, पण पोटातल्या जिवाणूंचा खरा खेळ रस शोषणाऱ्या किडींत आहे ना? द्राक्षातला पिठ्या ढेकूण, उसावरचा लोकरी मावा, पांढरी माशी, या सगळ्यांच्या पोटात जिवाणू असतात आणि त्यांच्याशिवाय या किडी जगूच शकत नाहीत असं वाचनात येतं. मग तिथे तरी जिवाणू मारून कीड मारता येईल का?

जिवाणूताई

द्राक्ष दादा, एक दुरुस्ती. ते पोटात नसतात. मावा, पिठ्या, पांढरी माशी यांच्या शरीरात जिवाणू ठेवण्यासाठी खास पेशी असतात, आतड्याच्या बाहेर. जिवाणू त्या पेशींच्या आत राहतात आणि आईच्या शरीरातून थेट अंड्यात किंवा पिल्लात जातात. म्हणून पोटातल्या जिवाणूंचं कुठलंच गणित तिथे चालत नाही.

कारण साधं आहे. झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर, पण अत्यावश्यक अमिनो आम्लं जवळजवळ नाहीत. ती बनवून द्यायचं काम माव्यात बुखनेरा करतो. त्याचं जनुकीय साहित्य झिजत झिजत साधारण ६ लाख ४० हजार अक्षरांवर आलंय. ई. कोलायमध्ये ४६ लाख असतात. स्वतंत्र जगायला लागणारी यंत्रणाच त्याने सोडून दिली आहे. पिठ्या ढेकणात तर आणखी अद्भुत आहे. लिंबूवर्गीय पिकांवरच्या पिठ्यात ट्रेम्ब्लाया नावाच्या जिवाणूच्या पोटात दुसरा जिवाणू राहतो, आणि एकेक अमिनो आम्ल तिघं मिळून बनवतात: काही पायऱ्या एक जिवाणू, काही दुसरा, काही कीड स्वतः.

मारता येईल का? प्रयोगशाळेत अँटिबायोटिक दिलं की माव्याची वाढ खुंटते, पिल्लं होत नाहीत, हे खरं. शेतात ते औषध पानाच्या अन्नरसातून पुरेशा मात्रेने पोचवावं लागेल. तेवढं अँटिबायोटिक द्राक्षाच्या वेलीत भरायचं आणि मग तो घड माणसाने खायचा? नाही.

द्राक्ष_तासगाव

समजलं. म्हणजे पिठ्यावर तीच जुनी वाट: खरड छाटणीनंतर ओलांड्यावरची मोकळी साल काढून जाळायची, मुंग्यांचा बंदोबस्त करायचा आणि क्रिप्टोलेमस भुंगे सोडायचे. मुंग्या राहिल्या तर भुंगे टिकत नाहीत, कारण पिठ्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या राखण करतात.

ऊस_कृष्णाकाठ

लोकरी माव्याचा विषय निघाला म्हणून. २००२ साली तो सांगली भागात उसावर आला तेव्हा सगळ्यांचा भर औषधांवर होता. शेवटी तो आटोक्यात ठेवला डिफा अळीने आणि मायक्रोमसने, म्हणजे मित्रकिडींनी. डिफाचे कोष असलेली पानं कापून शेजारच्या फडात बांधायची पद्धत तेव्हाच रुळली. जिवाणूंपेक्षा हे सोपं.

हुमणी_अण्णा

अळी आणि मावा दोन्ही झाले. पण ज्या किडीच्या पोटात खरोखर जिवाणूंची वसाहत नांदते तिचं नाव अजून कुणी घेतलं नाही. हुमणी.

हुमणी उसाची मुळं खाते. मूळ म्हणजे काष्ठतंतू, ते पचवायला जिवाणू लागतात. उभी चिरलेली हुमणी भिंगाखाली बघितली तर शेवटच्या तिसऱ्या भागात आतडं एकदम फुगून पिशवीसारखं होतं. बाहेरूनही दिसतं: 'सी' आकारात वळलेल्या पांढऱ्या अळीचं मागचं टोक निळसर-काळपट असतं ना, तीच ती पिशवी, आतला मातीमिश्रित चोथा चामडीतून दिसतो. मध्यांत्र तीव्र अल्कधर्मी, पिशवी मात्र जवळपास उदासीन आणि प्राणवायूविना. गाईच्या कोठीसारखी आंबवण चालते. कीटक भाऊंचं गाईचं गणित इथे लागू पडतं.

याचा शेतीशी संबंध असा. न्यूझीलंडमध्ये गवताच्या हुमणीला सेराशिया एन्टोमोफिला नावाचा जिवाणू लागतो. हुमणी खायचं थांबते, पोट रिकामं होतं, मागची काळी पिशवी पारदर्शक पिवळसर दिसायला लागते. तिथे त्या जिवाणूचं उत्पादनच बाजारात आलं. पण ते त्यांच्या जातीपुरतं, आपल्या होलोट्रिकिया किंवा ल्युकोफोलिस हुमणीवर ते चालेल असं धरू नये. कृष्णा-वारणेकाठच्या फडांत ल्युकोफोलिस आहे, तिचं अळीपण लांबतं, हे लक्षात ठेवूनच बाकीचं नियोजन करायचं.

कीटक_वाळवा

अण्णा, आपल्याकडे जिवाणू वापरून हुमणी मारायचा मार्ग आहेच की. सूत्रकृमी.

हुमणी_अण्णा

तेच लिहायला येत होतो. हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही सूत्रकृमीची जात भारतातूनच, कोइमतूरहून शोधली गेली, १९९२ मध्ये. तिच्या पोटात फोटोऱ्हॅब्डस नावाचा जिवाणू असतो. सूत्रकृमी हुमणीच्या शरीरात घुसते, जिवाणू रक्तात सोडते, दोन दिवसांत हुमणी मरते. मेलेली हुमणी विटेच्या रंगाची होते आणि तिला कुजका वास येत नाही, कारण फोटोऱ्हॅब्डस इतर सडवणाऱ्या जिवाणूंना शिरू देत नाही. काळी पडून घाण वास येणारी हुमणी सूत्रकृमीने मेलेली नसते. हिशेब ठेवताना ही खूण धरा.

मात्रा एकरी १०० कोटी सूत्रकृमी. फसते कुठे ते सांगतो. वाफसा नसलेल्या कोरड्या जमिनीत टाकल्या की सुकून मरतात. उन्हात टाकल्या की मरतात. पंपाची जाळी काढली नाही तर जाळीतच अडकतात, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर पण जाळीची छिद्रं त्याहून बारीक. टाकीत खाली बसतात, म्हणून पाणी ढवळत राहावं लागतं. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सरीच्या बुडाशी, नोझल काढून धार धरून. मेटाऱ्हायझियम ही बुरशी वापरणार असाल तर हेक्टरी २० किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून.

आणि हे सगळं लहान हुमणीसाठी, जून शेवट ते ऑगस्ट. सप्टेंबरनंतर तिसऱ्या अवस्थेतली बोटाएवढी हुमणी कशालाच लवकर दाद देत नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर रात्री साडेसात ते साडेनऊ भुंगेरे गोळा करणं हेच सगळ्यात स्वस्त. एका माणसाने नाही, गावाने.

एमएस्सी_कराड

बाकी सगळं समजतंय. मला प्रकल्पासाठी लष्करी अळीच्या पोटातले जिवाणू वाढवायचे आहेत. प्रयोगशाळेत साधी प्लेट, इन्क्युबेटर, ऑटोक्लेव्ह आहे. पद्धत आणि चुका कुणी लिहील का?

जिवाणूताई

लिहिते. चुका जास्त लिहिते, कारण पद्धत पुस्तकात मिळते.

शेतातूनच अळ्या घ्या, पाचव्या अवस्थेच्या, एकेका डबीत एकच. तिसऱ्या अवस्थेपासून त्या एकमेकींना खातात, आणि खाल्लेल्या बहिणीचे जिवाणू तुमच्या निकालात येतात. प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढवलेल्या अळ्या अजिबात नकोत. हरभऱ्याच्या पिठाच्या त्या खाद्यात बुरशी आणि जिवाणू येऊ नयेत म्हणून बहुतेक वेळा सॉर्बिक आम्ल, मिथाइल पॅराबेन आणि अँटिबायोटिक घातलेलं असतं. म्हणजे जे मोजायचं तेच आधी मारून टाकलेलं.

काही तास उपाशी ठेवा, म्हणजे पोटातला पानाचा लगदा कमी होतो. दहा मिनिटं बर्फावर, अळी निश्चल होते. ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. तिसऱ्या धुवणाचं पाणी १०० मायक्रोलिटर वेगळ्या प्लेटवर पसरवा. त्या प्लेटवर काही उगवलं तर तुमच्या बाकीच्या सगळ्या प्लेट कातडीवरच्या जिवाणूंच्या आहेत. ही एक प्लेट न लावणाऱ्यांचं काम पुढे उभं राहत नाही.

डोकं आणि शेवटचा खंड कापा. निर्जंतुक बफरमध्ये एका चिमट्याने शरीर धरून दुसऱ्याने आतडं हळू ओढा. हिरवी दोरी सलग बाहेर येते. मधेच तुटली आणि हिरवं पाणी पसरलं तर ती अळी सोडून द्या. दोरीला चिकटलेला पांढरट स्निग्ध भाग काढून टाका. एक आतडं १ मिली बफरमध्ये वाटा, दहापटीने विरळ करत सहाव्या पायरीपर्यंत जा, १०० मायक्रोलिटर न्यूट्रिएंट अगारवर पसरवा, २८ अंश सेल्सिअसला ४८ तास.

३० ते ३०० वसाहती असलेलीच प्लेट मोजायची. समजा चौथ्या पायरीच्या प्लेटवर ८६ आल्या. ८६ गुणिले १० गुणिले १०,००० म्हणजे एका आतड्यात ८६ लाख. १०० मायक्रोलिटर पसरवल्याचा तो १० विसरला की आकडा दहापट कमी येतो, ही नेहमीची चूक.

एमएस्सी_कराड

ताई, आणि औषध खाणारे जिवाणू शोधायचे असतील तर?

जिवाणूताई

कार्बनचा दुसरा कुठलाही स्रोत नसलेलं खनिज माध्यम घ्यायचं आणि त्यात औषध घालायचं. जो वाढला तो औषधावर वाढला, असं तत्त्व. पण इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. दुकानातली ईसी बाटली वापरली तर तिच्यात औषधापेक्षा द्रावक आणि पायसीकारक जास्त असतात, आणि जिवाणू तेच खाऊन आनंदाने वाढतो. शुद्ध तांत्रिक औषध वापरलं तरी ते ॲसिटोनमध्ये विरघळवता ना? मग ॲसिटोनच खाल्लं नाही कशावरून? म्हणून दोन बाटल्या जास्त लावा: एकीत फक्त द्रावक आणि जिवाणू, दुसरीत औषध आहे पण जिवाणू नाही. पहिलीत वाढ झाली तर निष्कर्ष काढू नका. दुसरीत औषध आपोआप कमी झालं तर ते जिवाणूने फोडलेलं नाही. आणि शेवटी औषध किती उरलं हे एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजल्याशिवाय 'पचवतो' हा शब्द लिहू नका. गढूळपणा म्हणजे वाढ, पचन नव्हे.

वाढवता न येणारे जिवाणूही बघायचे असतील तर आतडी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये उणे २० ला ठेवा आणि जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६ एस जनुकाचं अनुक्रमण करा. मक्याचं पान खाल्लेल्या अळीत निम्म्याहून जास्त वाचनं हरितलवकाची निघू शकतात, कारण हरितलवक हा मुळात जिवाणूच. ती गाळूनच टक्केवारी काढायची. आणि डीएनए काढताना एक रिकामी नळी बरोबर चालवा, अभिकर्मकांतही जिवाणूंचा डीएनए असतो.

आले_कोरेगाव

जीवामृत, ताक, गुळाचं पाणी फवारून पोटातले जिवाणू बदलतात आणि अळी मरते असाही दावा ऐकायला मिळतो. त्याचं काय?

कीटक_वाळवा

पानावर जे पडेल ते पोटात जाणार, हे खरं. पण ते तिथे टिकून अळीला मारेल याला आधार नाही. वर लिहिलं तसं सामू १० आणि काही तासांचा प्रवास, ताकातला जिवाणू त्यात फार काळ राहत नाही. आंबवणाचा एक उपयोग मात्र पक्का आहे, आमिष म्हणून. १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ, २ ते ३ लिटर पाणी, २४ तास आंबवायचं, वापरायच्या अर्धा तास आधी १०० ग्रॅम थायोडीकार्ब मिसळून पोंग्यात टाकायचं. वास मोठ्या अळीला खेचतो. हातमोजे घालूनच, आणि ते शेत जनावरांना दाखवायचं नाही.

सोयाबीन_डिग्रज

बीटीबद्दल (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) कुणी लिहिलं नाही. बीटी हाही जिवाणूच आणि तोही पोटातच काम करतो.

जिवाणूताई

आणि तिथे तर मोठा वादच झाला होता. बीटीचे स्फटिक अल्कधर्मी पोटात विरघळतात, विष आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं, हे सगळ्यांना मान्य. २००६ मध्ये जिप्सी पतंगावरच्या कामातून असं निघालं की पुढे अळी मरते ती तिच्याच पोटातले जिवाणू त्या भोकांतून रक्तात शिरल्यामुळे. पोटातले जिवाणू अँटिबायोटिकने काढले तर बीटीने अळी मरेना. २००९ मध्ये दुसऱ्या गटांनी दुसऱ्या पतंगांवर करून बघितलं: जिवाणू नसले तरी बीटी मारतो. शिवाय अँटिबायोटिक खाल्लेल्या अळीत ते शिल्लक राहून बीटीलाच मारत असेल, ही शंका त्यांनी मांडली. आज जाती-जातीनुसार फरक आहे असंच म्हणावं लागतं.

व्यवहारात मात्र दोन्ही बाजू एकच सांगतात. बीटीच्या पंपात स्ट्रेप्टोसायक्लीन टाकलं तर बीटीचा जिवाणू मरतो, आणि पोटातले मदतनीस असलेच तर तेही मरतात. पुडी टाकणारा बीटीचाच पाय ओढतो.

फवारा_मिरज

बीटी कुर्स्टाकी लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, लहान अळीवर. ताम्रयुक्त बुरशीनाशक बरोबर मिसळू नका.

पोंगा_खटाव

आता मूळ प्रश्नाकडे. ओली विष्ठा, जिवंत अळ्या, चौथा दिवस. औषध पोचलं नाही की लागलं नाही, हे शेतकऱ्याने कसं ओळखायचं?

कीटक_वाळवा

पान बुडवून चाचणी. खर्च डब्यांचा आणि टिश्यू पेपरचा.

न फवारलेल्या मक्याची कोवळी पानं आणा, ४ सेंटिमीटरचे तुकडे करा. शिफारशीच्या मात्रेचं द्रावण तयार करा, इमामेक्टिन लिटरला ०.४ ग्रॅम. पान १० सेकंद बुडवून सावलीत सुकवा. दुसरे तुकडे नुसत्या पाण्यात बुडवा. झाकणाला टाचणीने भोकं पाडलेल्या डबीत ओलसर टिश्यू, त्यावर एक पान, त्यावर एक अळी. औषधाच्या ३० डब्या, पाण्याच्या ३०. ९६ तासांनी मोजा. रंगाच्या कुंचल्याने डिवचल्यावर सुसंगत चालत नाही ती मेली धरायची.

पाण्याच्या डब्यांत २० टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी बाद, पुन्हा करा. औषधाच्या डब्यांत जवळपास सगळ्या मेल्या आणि शेतात जिवंत आहेत, तर दोष फवारणीत. औषध बदलू नका, नोझल आणि वेळ बदला. डब्यांतही बऱ्याच जगल्या, तर आधी बाटलीची अंतिम तारीख बघा. ती ठीक असेल तर त्या शेतातली अळी खरोखर औषधाला सरावली आहे, आणि पुढची फवारणी वेगळ्या गटाच्या औषधाची हवी. इमामेक्टिननंतर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी लिटरला ०.४ मिली चालेल, अबामेक्टिन नाही, कारण ते त्याच गटाचं. जगलेल्या अळ्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा.

जिवाणूताई

आणि डबीत जगलेल्या अळ्यांतच जिवाणूंचा प्रश्न विचारायला अर्थ आहे. तो प्रयोगशाळेत विचारायचा, पंपात नाही. अर्ध्या अळ्यांचे जिवाणू काढा, औषध द्या, जास्त मरतात का बघा. मग वेगळा केलेला जिवाणू परत खाऊ घाला आणि सहनशक्ती परत येते का बघा. ही शेवटची पायरी झाली तरच जिवाणूवर आरोप टिकतो. कराडच्या विद्यार्थ्याने हेच करावं, जिल्ह्याला उपयोगी पडेल.

पोंगा_खटाव

दुकानदाराला काय सांगायचं ते कळलं. चाचणीच्या अळ्या कोणत्या आकाराच्या घ्यायच्या?

कीटक_वाळवा

तिसऱ्या अवस्थेच्या. लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास, डोकं पाऊण मिलिमीटर. एका झाडावरून एकच घ्या, शेताच्या पाच ठिकाणांहून मिळून ६०, आणि वर दहा जास्तीच्या. पकडताना बोटात धरू नका, ओल्या कुंचल्याने उचला. एक रात्र साध्या पानावर ठेवा, सकाळी ज्या खाताहेत त्याच चाचणीला घ्या.